उशिरा चढणारा पिवळा

धाकटीच्या पत्राला दादाने उत्तर दिलं नव्हतं. लिहायला बसला नव्हता असं नाही. कितीदा बसला, ‘प्रिय धाकटे’ एवढं लिहिलं, पेनाचं टोपण चावलं आणि कागद फाडला. पत्र मात्र शर्टाच्या खिशातून हललं नव्हतं. घड्या उलगडून आणि पुन्हा घालून ते जुन्या रुमालासारखं मऊ पडलं होतं, आणि त्याला आता कारखान्याचा वास येत होता.

धाकटीने लिहिलं होतं:

‘दादा, फोनवर तू नुसता हं हं करतोस म्हणून लिहिते. ओढ्यातले मासे पुन्हा मेले. पांढरी पोटं वर करून काठाला लागलेत, लहान, मोठे, सगळे. वस्तीतले लोक म्हणतात यांनीच पाण्यात पावडर टाकली. पावडर टाकून मासे गोळा करणारे असतात, पण हे तसे नाहीत, तुला माहीत आहे. परवा कोणीतरी आमच्या होडीला भोक पाडलं. तू पाणी तपासतोस. तुमच्या कारखान्यातून काही येतं का, एवढं एका ओळीत लिही. तू लिहिलंस तर लोक ऐकतील. तू खोटं बोलत नाहीस हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न ठरवताना तूच भर बैठकीत सांगितलं होतंस की मुलीला स्वयंपाक येत नाही.’

हेच तर अडत होतं. दादा खोटं बोलत नसे.

कारखाना कोंबड्यांचा होता. वर फिरणाऱ्या साखळीला आकडे, आकड्यांना उलट्या टांगलेल्या कोंबड्या, वाटेत एक पातं. पात्यापुढे रक्ताची पन्हळ, मग उकळत्या पाण्याची टाकी, मग पिसं उपटणारं यंत्र. सकाळपासून संध्याकाळपर्यंत साखळी थांबत नसे. रक्त, चरबी, पिसं, विष्ठा असं सगळं पाण्याबरोबर जमिनीतल्या गटारातून भिंतीपलीकडच्या शेडमध्ये यायचं, आणि तिथे दादा बसलेला असायचा. गाळ खाली बसवायचा, चरबी वरून काढायची, पाण्यात हवा सोडायची, शेवटी जंतू मारायला क्लोरीन घालायचं आणि पाणी ओढ्यात सोडायचं. क्लोरीनला कारखान्यात सगळे ‘औषध’ म्हणत.

हे औषधही आधी नव्हतं. खालच्या वस्तीत पोटाच्या आजाराने माणसं आडवी झाली, दोन म्हातारी दगावली, तेव्हा वस्तीने येऊन कारखान्याच्या काचा फोडल्या आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याचं डोकं फोडलं. मग औषध सुरू झालं. आजार थांबला. पाण्याचा वास गेला, ओढ्याचा तळ दिसू लागला. तेव्हा धाकटीनेच फोनवर कौतुक केलं होतं, ‘दादा, तुझं पाणी काचेसारखं आहे बघ.’ दादा म्हणाला होता, ‘हं.’

आणि मग त्या काचेसारख्या पाण्यात मासे मरू लागले.

दादाने काही डोळे मिटून घेतले नव्हते. क्लोरीन उरलं तर माशांना मारतं, हे त्याला माहीत होतं. म्हणूनच तर तो ओढ्यात पाणी सोडायच्या तोंडाशी रोज तपासणी करायचा. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे. औषध शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर पांढरं राहतं. त्याच्या आधीच्या माणसाने त्याला शिकवलं होतं: थेंब टाक, बघ, ओतून दे. दादा थेंब टाकायचा, बघायचा, ओतून द्यायचा. पाणी पांढरं असायचं. पत्र आल्यापासून तो दिवसातून अनेकदा बघत होता. पांढरं, पांढरं, पांढरं.

म्हणजे खरं लिहायचं तर ‘आमच्याकडून काही येत नाही’ असं लिहायला हवं. ती ओळ वस्तीत वाचली गेली की धाकटीच्या नवऱ्याच्या, दाजींच्या डोक्यावर खापर फुटलंच. आणि ‘आमच्याकडून येतं’ असं लिहायचं तर ते कशाच्या जोरावर? दादाला वाटे, आपण दाजींना ओळखतो, ते पावडर टाकणार नाहीत. मग वाटे, माणसाला आपण काय ओळखतो? आपण तर स्वतःच्या हातातल्या नळीवरसुद्धा विश्वास ठेवावा की नाही, याचा तासभर विचार करतो. आणि हा विचार करता करता तो पुस्तक उघडायचा. शेडच्या खिडकीत त्याची पुस्तकं रचलेली होती, त्यांच्या पानांना चरबीचे डाग होते. कारखान्यात त्याचं नाव ‘वाचनालय’ पडलं होतं.

‘ए वाचनालय,’ फोरमन दारातून ओरडायचा, ‘वाचून झालं असेल तर गटार तुंबलंय तेही वाच.’

फोरमन जाडजूड, सतत घाम पुसणारा माणूस होता. साखळी थांबली की त्याचा जीव थांबायचा. वाईट माणूस म्हणावा असा नव्हता. दादाला ताप आला होता तेव्हा त्यानेच घरी पोचवलं होतं, वाटभर शिव्या देत.

त्या दिवशी थंडी कडक होती. दादाने पाणी सोडायच्या तोंडाशी नळी भरली, शेडमध्ये येऊन खिडकीतल्या लाकडी घोडीत ठेवली आणि थेंब टाकले. पांढरं. तो नळी उचलून ओतणार, एवढ्यात ओढ्याकडचं दार लाथेने उघडलं.

दारात दाजी उभे होते. पहिल्यांदा दादाने त्यांना ओळखलंच नाही. एक डोळा सुजून बंद झालेला, ओठ फाटलेला. उजवा हात कपड्यात गुंडाळून छातीशी धरलेला आणि त्या कपड्यातून काळं झालेलं रक्त बाहेर आलेलं. डाव्या हातात वल्ह्याचा तुटका दांडा होता.

‘दाजी,’ दादा म्हणाला, ‘या. बसा.’

‘बसा म्हणतो,’ दाजी म्हणाले आणि त्यांनी दांडा फिरवला.

तो दादाच्या खांद्यावर बसला. दुसरा कानावर. चष्मा उडाला. दादा पुस्तकांच्या राशीवर पडला आणि राशीसकट खाली आला. त्याने हात वर केले नाहीत. का केले नाहीत, हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही.

‘एक ओळ,’ दाजी म्हणत होते आणि प्रत्येक शब्दाला दांडा खाली येत होता. ‘एक ओळ मागितली होती तिने. एवढी पुस्तकं वाचतोस. एक ओळ लिहिता आली नाही?’

‘दाजी, काय झालं? हात...’

‘हात दगडावर ठेवला आणि दुसऱ्या दगडाने ठेचला. माझ्याच लोकांनी. ज्यांच्याबरोबर लहानपणापासून जाळं ओढलं त्यांनी. म्हणाले, याच हाताने पावडर टाकलीस ना? जाळी पेटवली. ती मध्ये पडली तर तिला केस धरून फरफटत नेली पार पाण्यापर्यंत. मेलेले मासे तिच्या तोंडात कोंबत होते, खा म्हणे, नवऱ्याची कमाई खा.’ दाजींचा आवाज फाटला. ‘आणि ती सांगत होती, माझ्या भावाचं पत्र येईल. तो खोटं बोलत नाही. थांबा, पत्र येईल. कोणी विचारलं, मग आलं का नाही? ती गप्प झाली. तू गप्प बसलास म्हणजे आम्ही चोर ठरलो. कळतंय? आता सांगितलंय, आठवड्यात घर सोडा, नाहीतर घरासकट पेटवू.’

दादाला कळत होतं. कानातून काहीतरी गरम मानेवर उतरत होतं.

आवाज ऐकून फोरमन आला, त्याच्यामागे साखळीवरचे दोघेतिघे, हातात पात्यातून सुटलेल्या माना कापायच्या सुऱ्या तशाच. फोरमनने काही विचारलं नाही. भिंतीवरचा जाड पाण्याचा पाइप उतरवून त्याचं पितळी तोंड त्याने दाजींच्या पाठीत घातलं. दाजी गुडघ्यावर आले. मग सगळेच तुटून पडले. रबरी बूट बरगड्यांवर आपटल्याचा आवाज ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा येत होता. कोणीतरी दाजींचा ठेचलेला हातच पायाखाली धरला, आणि दाजी असे ओरडले की भिंतीपलीकडच्या कोंबड्यासुद्धा फडफडल्या.

‘थांबा,’ दादा म्हणाला.

त्याचा आवाज आधीच बारीक. तो कोणालाच ऐकू गेला नाही. तो खिडकीला धरून उठू लागला, चष्म्याशिवाय चाचपडत, आणि खिडकीच्या उजेडात त्याला घोडीतली नळी दिसली.

नळी पिवळी होती.

दादाने डोळे पुसले. डोळ्यात रक्त गेलं असेल असं वाटलं. नळी डोळ्यांजवळ धरली. फिकट नव्हे, अंड्याच्या बलकासारखी पिवळी. थेंब त्यानेच टाकले होते, तेव्हा ती पांढरी होती. त्यानंतर तिला कोणी हात लावला नव्हता. सगळे एकमेकांना मारण्यात गुंतले होते.

आणि मग त्याला आठवलं, की हे त्याने वाचलेलं आहे. रक्तामांसाच्या पाण्यात अमोनिया असतो. क्लोरीन त्या अमोनियाला चिकटून बसतं. असं बांधलं गेलेलं औषध लवकर उडून जात नाही, फारसा वास देत नाही, कोसभर खालपर्यंत मासे मारत जातं. आणि थेंबांना ते लगेच सापडत नाही, थंड पाण्यात तर नाहीच. त्याचा रंग उशिरा चढतो. वाचलं होतं, परीक्षेत विचारल्यासारखं पाठही होतं. पण पुस्तक खिडकीत आणि नळी हातात, दोघांची कधी गाठच पडली नव्हती. कारण तो बघायचा आणि ओतून द्यायचा. रंग यायच्या आधी.

‘थांबा,’ तो पुन्हा म्हणाला. कोणी थांबलं नाही.

दादा कधी कोणावर ओरडला नव्हता. आता ओरडायला गेला तर घशातून नुसती हवा आली. तेव्हा तो लंगडत पलीकडच्या दारातून कत्तलीच्या हॉलमध्ये गेला आणि भिंतीवरची लाल दोरी ओढली. ती दोरी माणसाचा हात साखळीत अडकला तरच ओढायची होती.

साखळी थांबली. पातं थांबलं. पिसांचं यंत्र घरघरत गप्प झालं. एवढी शांतता त्या इमारतीत रविवारीसुद्धा नसे. अर्धवट मान कापलेली एक कोंबडी आकड्यावर पंख झटकत होती, तेवढाच आवाज.

फोरमन धावत आला. ‘कोण अडकलं? कोण?’

‘कोणी नाही,’ दादा म्हणाला. ‘हे बघा.’

फोरमनने नळीकडे बघितलं, मग दादाकडे, आणि त्याने एक थोबाडीत दिली. नळी उडाली, पन्हळीच्या काठावर फुटली आणि पिवळं पाणी रक्तात मिसळून गेलं.

‘साखळी थांबवलीस? याच्यासाठी? वेड लागलंय का तुला?’

‘आपल्या पाण्यात औषध आहे. खूप आहे. मासे आपणच मारतोय.’

‘रोज तूच सांगतोस, पांढरं आहे.’

‘रोज मी चुकत होतो.’

दादा शेडमध्ये परत गेला. त्याच्यामागे फोरमन, त्याच्यामागे सुऱ्या हातात घेतलेले कामगार. साखळी थांबल्यावर कोणाला काही कामच उरलं नव्हतं. दाजी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते, तोंडातून लाळ आणि रक्त गळत होतं. दादाने दोन नळ्या घेतल्या. एकीत ओढ्याकडे जाणारं पाणी, दुसरीत पिण्याच्या माठातलं. दोन्हींत थेंब टाकले. चष्म्याशिवाय निम्मे थेंब बाहेर गेले, पुन्हा टाकावे लागले.

‘पांढरं,’ फोरमन म्हणाला. ‘दोन्ही पांढरी. झालं समाधान? ओत आता.’

‘नाही. थांबायचं.’

‘किती?’

‘येईपर्यंत.’

सगळे थांबले. कोणीतरी नाक शिंकरलं. एकजण सुरी पँटीला पुसत म्हणाला, ‘वाचनालयाने आज लग्नाला बसवल्यासारखं बसवलंय,’ पण कोणी हसलं नाही. दाजींचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. फोरमन मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता आणि त्याच्या कपाळाची शीर उडत होती. दादाला वाटू लागलं, नाही चढणार रंग. आपल्याला मार लागलाय, डोक्याला लागलाय, जे बघावंसं वाटलं तेच बघितलं. आता सगळे हसतील आणि दाजींना ओढून नेतील.

मग ओढ्याच्या पाण्याची नळी वरच्या काठापासून किंचित मळकी झाली. मग फिकट पिवळी. मग कोणालाच शंका राहू नये एवढी पिवळी. माठाच्या पाण्याची नळी शेजारी तशीच पांढरी.

‘आईशप्पथ,’ सुरीवाला पुटपुटला.

दाजींनी एका डोळ्याने नळीकडे बघितलं. ‘हे... हेच आमच्याकडे येतं?’

‘हो, दाजी.’

फोरमनने मानेवरचा घाम पुसला. मग हळू आवाजात म्हणाला, ‘हे बघ. औषध बंद केलं की पुन्हा खाली माणसं आजारी पडतील, पुन्हा माझ्या माणसांची डोकी फुटतील. चालू ठेवलं तर मासे मरतील. मी काय करू, सांग तूच.’

‘औषध मारायचीही पावडर मिळते. शेवटच्या टाकीत घालायची. मासे वाचतात, जंतूही मेलेले राहतात.’

‘वर विचारतो. तोवर साखळी चालू करा रे.’

‘तोवर नको,’ दादा म्हणाला.

‘आकड्यावर एवढा माल लटकतोय. चालू करा.’

दादा ओढ्याकडच्या झडपेपाशी गेला. झडपेला जमिनीलगत लोखंडी चाक होतं, त्याच्या दोन हातांनी कसंबसं फिरणारं. त्याने ते फिरवायला घेतलं. फोरमनने मागून येऊन त्याची मान धरली आणि त्याचा चेहरा चाकावर आदळला. एक दात गेला. दादाने चाक सोडलं नाही. फोरमन त्याच्या बोटांवर बूट आपटू लागला, एकेक बोट सुटावं म्हणून. त्याच वेळी कोपऱ्यातून दाजी उठले, डाव्या हाताने वल्ह्याचा दांडा घेऊन, आणि त्यांनी तो फोरमनच्या गुडघ्याच्या मागे मारला. फोरमन चरबीच्या घाणीत आडवा झाला. सुरीवाल्यांपैकी कोणीही पुढे आलं नाही. ते पिवळ्या नळीकडे बघत उभे होते.

झडप बंद झाली. दादाने चाकाचा खिळा काढला, चाक उपसलं आणि गाळाच्या टाकीत टाकलं. काळा गाळ ते हळूहळू गिळत गेला.

हॉलमधले नळ चालूच होते, आणि बाहेरची वाट बंद झाल्यावर पाणी मागे फिरलं. टाक्या भरल्या, गटारं वर आली, आणि कत्तलीच्या हॉलमध्ये रक्ताचं, पिसांचं, आतड्यांचं पाणी फरशीवर चढू लागलं. कामगार बूट उचलत टेबलांवर चढले. फोरमन त्या लाल पाण्यात मांडीपर्यंत भिजून उभा होता आणि दादाला शिव्या देत होता. पोलिसांना बोलावतो म्हणाला, हाडं मोडतो म्हणाला, पुन्हा फाटकात पाय ठेवलास तर आकड्याला टांगतो म्हणाला. दादाने आपला चष्मा शोधला. एक काच शाबूत होती. थेंबांची बाटली आणि नळ्या त्याने खिशात घातल्या. पुस्तकं तिथेच राहिली. सर्वात खालची दोन आधीच तरंगू लागली होती.

रस्त्यावर दोघे एकमेकांना धरून चालले. कोण कोणाला धरतंय हे बघणाऱ्याला कळलं नसतं.

‘दादा,’ दाजी म्हणाले, ‘मी तुला मारलं.’

‘हं.’

‘हं काय? काहीतरी बोल.’

‘तुम्ही मारलं नसतं तर मी नळी ओतून दिली असती, दाजी.’

दाजी हसायला गेले, बरगडीत कळ आली तशी थांबले. ‘म्हणजे आणखी मारायला हवं होतं.’

दवाखान्यात दाजींचा हात बांधला, दादाच्या कानाला टाके पडले. तिथून बाहेर पडल्यावर दादा म्हणाला, ‘मी आता लिहितो. तुम्ही घेऊन जा.’

‘मी?’ दाजी म्हणाले. ‘माझ्या हातात तुझं पत्र, आणि तुझं तोंड असं. लोक म्हणतील, मेहुण्याला बडवून लिहून घेतलं. आणि बडवलंय तर खरंच. नको. टपालाने पाठव. पोस्टमन वस्तीत झाडाखाली बसून सगळ्यांसमोर पत्रं वाटतो. तसंच येऊ दे.’

‘तोवर घर?’

‘तोवर मी दारात बसतो. डावा हात आहे अजून.’

दाजींना गाडीत बसवून दादा पोस्टात गेला. खिडकीपाशी दोरीला बांधलेलं पेन होतं. बोटं सुजलेली होती, अक्षर पहिलीतल्या मुलासारखं वाकडं येत होतं. पण या वेळी त्याने टोपण चावलं नाही, आणि कागदही फाडला नाही.

‘प्रिय धाकटे,

मासे आमच्या कारखान्याच्या पाण्याने मेले. दाजींनी पावडर टाकलेली नाही. जंतू मारायचं औषध पाण्यात उरत होतं आणि मी तपासताना घाई करत होतो, म्हणून मला ते दिसलं नाही. चूक कारखान्याची आहे आणि तपासणाऱ्याची, म्हणजे माझी. हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाच.

पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी येतो. थेंबांची बाटली आणतो. तुमच्यापैकी कोणीही आपल्या हाताने ओढ्याचं पाणी भरावं आणि विहिरीचंही. नळ्या दगडावर ठेवू आणि सगळे मिळून बघू. लगेच काही दिसणार नाही. थांबावं लागेल. ज्यांना मारायचं आहे त्यांनीही तेवढं थांबावं. मग मी तिथेच आहे.

तुझा दादा’

त्याने पत्र पुन्हा वाचलं. ‘घाई करत होतो’ हे बरोबर आहे का, असा विचार मनात आला. ‘घाई’ की ‘दुर्लक्ष’? त्याने पेन उचललं. मागे रांगेत उभी असलेली बाई म्हणाली, ‘काका, झालं का? आणि तुमच्या मानेवरून रक्त येतंय.’

‘हं,’ दादा म्हणाला.

त्याने पेन खाली ठेवलं, पाकीट ओठांना लावलं. कडेला थोडं लाल लागलं, ते पुसलं तर आणखी पसरलं, म्हणून तसंच राहू दिलं. दाराबाहेरच्या पेटीपाशी तो क्षणभर उभा राहिला. मग पाकीट फटीत घातलं, आणि ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबला.